हॅमर मशीन आणि आपले तरुण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सिहोरा येथे केलेले भाषण)



भाषणासाठी मी एक यंत्र निवडले, याचे काहींस नवल वाटेल. परंतु आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज वीजजोडणी, नळजोडणी व घरबांधणी यांवर प्रपंच चालवीत आहेत. आणि त्यांच्या हाती नित्य असते ते विजेचे रोटरी हॅमर, ज्यास आपण हॅमर मशीन म्हणतो.

आपल्या तुमसर तालुक्यास कातळ फोडणे नवे नाही. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी इंग्रजी अमदानीपासूनच्या आहेत. खाणीत सुरुंगाची भोके पाडणारे यंत्र सामान्यतः दाबलेल्या हवेवर चालते, व भोकात पाणी सोडीत ते चालवितात. याचे कारण, दगडाची सूक्ष्म धूळ श्वासावाटे वर्षानुवर्षे आत गेल्यास सिलिकोसिस होतो, आणि त्याने बिघडलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. तीच सिलिका आपल्या विटांत, वाळूत व काँक्रीटमध्येही आहे. मात्र आपले यंत्र विजेचे असल्याने त्यावर पाणी सोडणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. म्हणून घट्ट बसणारा धूळरोधक मुखवटा लावावा. तोंडास गुंडाळलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. डोळ्यांस चष्मा हवा, आणि काम लांबल्यास कानांसही संरक्षण हवे.

हे यंत्र बिट फिरविते आणि त्याच वेळी आतील दट्ट्या हवेच्या दाबाने पुढे येऊन बिटास ठोके देतो. ठोकण्याचे काम यंत्राचे आहे. आपले काम ते सरळ व स्थिर धरण्याचे. अंगाचा भार टाकल्याने भोक लवकर पडत नाही. बिट मात्र अडकते.

येथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तुळईत भोक पाडताना, जागा अडचणीची म्हणून, मी बाजूची मूठ काढून ठेवली. बिट आतल्या सळईत अडकले, आणि क्षणार्धात यंत्रच फिरून माझे मनगट पिळवटून निघाले. दीड महिना हात गळ्यात होता, आणि चूल उधारीवर चालली. पाच मिनिटे वाचविण्याची ती किंमत होती. तेव्हापासून बाजूची मूठ लावल्याविना मी यंत्र सुरू करीत नाही. शिडीच्या वरच्या पायरीवरून तर ते चालवूच नये. असा झटका तेथे बसला तर माणूस थेट खाली येतो.

आता विजेविषयी. आपल्या घरांतील वीज 230 व्होल्टची. उघड्या तारा सॉकेटात खोचून त्या आगकाडीने दाबण्याची सवय आपल्याकडे अजून दिसते. ती आजच सोडावी. चौकोनात चौकोन ही दुहेरी आवरणाची खूण यंत्रावर नसेल, तर तीन पिनांचा प्लग व खरे अर्थिंग अनिवार्य समजावे. 30 मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारा स्विच मीटरजवळ बसवून घ्यावा. गुंडाळीवरील लांब वायर पूर्ण उलगडावी, नाहीतर ती तापते. वायरचे आवरण फाटले असेल तर यंत्र दुरुस्तीस द्यावे. बिट बदलताना प्लग काढलेला असावा.

भोक पाडण्यापूर्वी भिंत वाचावी. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वा आडव्या रेषेत तारा असण्याचा संभव अधिक, व तोटीच्या रेषेत नळ. जेथे शंका, तेथे मुख्य स्विच बंद करून खात्री करावी. काम करताना सैल बाही, गमछा वा ओढणी अंगावर मोकळी नसावी.

माता-भगिनींस एक विनंती. मुलगा कामास निघताना आपण डबा विसरू देत नाही. तसाच चष्मा व मुखवटाही विसरू देऊ नका. आणि जे ठेकेदार आहेत, त्यांनी ही साधने कारागिराच्या पदरच्या पैशांवर सोडू नयेत. हाताखालच्या पोरास यंत्र देण्यापूर्वी एक दिवस शेजारी उभे राहून शिकवावे.

आपल्या पूर्वजांनी सब्बल आणि छिन्नीने कष्ट केले. यंत्राने ते कष्ट हलके केले, परंतु सावधपण आपले आपणच राखले पाहिजे. संध्याकाळी प्रत्येक कारागीर धडधाकट घरी परतो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.