पेठेची पत

आज ९ सप्टेंबर. आमच्या नंदुरबारच्या माणिक चौकात आज हुतात्म्यांना फुलं वाहिली जातात. आता थोड्याच दिवसांत बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होईल. गावाबाहेरच्या पथाऱ्या लालेलाल होतील. देठ खुडणाऱ्या बायकांच्या बोटांची आग रात्री घरी गेल्यावरही थांबणार नाही. नंदुरबार हे पूर्वापार व्यापाराचं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेवरचं, गुजरातच्या वेशीलगतचं. इथल्या पेठेत मराठी, गुजराती, अहिराणी सगळ्या बोली एकाच ओट्यावर ऐकू येतात.

या पेठेत एका शब्दाला फार मान आहे. तो शब्द म्हणजे पत. तिजोरी भरलेली असली म्हणजे पत असते असं नाही. दिलेला शब्द वेळेवर पाळतो, त्याची पत. आज मला बोलायचं आहे ते याच पतीबद्दल, आणि त्यासाठी आधी तुम्हाला वर्ध्याला घेऊन जातो.

वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या पेढीवर राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातून एक लहान मुलगा नातू म्हणून दत्तक आला. तो जमनालाल. सतरा वर्षांचा असताना लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा त्याला रागावले, पैशावरून बोलले. मुलाने शांतपणे कागद घेतला आणि लिहून दिलं की तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही. पुढे आजोबांनी त्याला परत आणलं, व्यवसाय त्याच्याच हाती आला. पण पैसा आपला नाही, आपण त्याचे राखणदार आहोत, ही खूणगाठ मनात पक्की बसली ती कायमची.

सरकारने जमनालालजींना रायबहादूर केलं. असहकाराच्या चळवळीत त्यांनी तो किताब परत केला. १९२० पासून ते काँग्रेसचे खजिनदार. १९२८ मध्ये वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं केलं. स्वतःच्या घरापासून, स्वतःच्या देवापासून त्यांनी सुरुवात केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि १९२३ सालचा नागपूरचा झेंडा सत्याग्रह! चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारची बंदी होती. गावोगावचे स्वयंसेवक येत, हातात झेंडा घेत, पावलं टाकत आणि पकडले जात. कोणाच्या हातात काठीसुद्धा नव्हती. या फौजेचे एक सेनापती होते पेढीवर बसणारे जमनालालजी. त्यांना तुरुंगवास झाला, दंड झाला. दंड भरायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची मोटार जप्त झाली. लिलाव पुकारला गेला, पण नागपुरात बोली लावायला कोणी पुढे येईना. श्रोतेहो, पत म्हणजे काय ते इथे कळतं. स्वस्तात मिळणारी मोटार घ्यायला एकाही माणसाचा हात वर होत नाही, ही त्या माणसाची खरी कमाई.

११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यात जमनालालजी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक उठली, आणि बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पुढे तिरंगा होता. झेंड्याचं हे नातं मला नागपूरपासून इथपर्यंत सलग दिसतं.

त्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता होता. व्यापारी गुजराती घरातला मुलगा, पुष्पेंद्रभाई आणि सविताबेन यांचा लाडका. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्याने उद्या पेढीवर बसावं, चोपडीत जमाखर्च लिहावा, असं घरच्यांना वाटत असेल तर त्यात नवल काय? पोलिसांनी मिरवणूक अडवली. मुलींच्या दिशेने बंदूक रोखली गेली तेव्हा शिरीष पुढे झाला, मारायचं तर मला मार असं त्याने बजावलं, ही आठवण आमचं गाव आजही सांगतं. गोळ्या सुटल्या. शिरीष आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले.

त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, कमरेला हत्यार नव्हतं. तरी मी त्यांना शिपाई म्हणतो. जो आपल्या मागच्याला झाकून स्वतः पुढे उभा राहतो, तो शिपाई. जमनालालजींनी हे चाळिशीच्या आत, भरल्या घरातून उठून केलं. या मुलांनी ते दप्तर खाली ठेवून केलं.

आज आपल्याला कोणी गोळी झेलायला सांगत नाही. मापात माप देणं, नगरपालिकेची पट्टी वेळेवर भरणं, मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचे पैसे हातावर ठेवणं, आणि कुणा दुबळ्यावर अन्याय होताना दुकानाची पायरी उतरून त्याच्या शेजारी उभं राहणं, एवढंच आपल्या वाट्याला आलं आहे. पेठेची पत यातूनच राखली जाते. पाच मुलांनी ती आपल्यासाठी कमावून ठेवली आहे.

त्यांची नावं घेऊन थांबतो. घरातल्या लहान मुलांना जवळ बोलवा, त्यांनाही ऐकू द्या. शिरीषकुमार मेहता. लालदास शहा. धनसुखलाल वाणी. शशीधर केतकर. घनश्यामदास शहा.