पेट्रोलचा परतीचा रस्ता

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातलं माझं काम’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं निम्मं मला सांगता येत नाही आणि उरलेलं ऐकलंत तर तुम्ही जेवणाची वेळ विचारायला लागाल. म्हणून मी माझ्या शनिवार-रविवारच्या कामाबद्दल बोलणार आहे.

आम्ही अमेरिकेत कोलोरॅडोला राहतो. घरच्या गॅरेजमध्ये मी १९८३ सालच्या सीजे-७ जीपचा कार्ब्युरेटर काढून तिथे थ्रॉटल बॉडी इंजेक्शन बसवलं. हे काम दिसतं इंजिनाचं, पण त्यातला जोखमीचा भाग असतो पेट्रोलच्या नळ्यांचा. ती जीप माझी सोळा वर्षांची मुलगी चालवणार होती. त्यामुळे ‘चालतंय ना, मग राहू दे’ हे वाक्य मी गॅरेजच्या दाराबाहेर ठेवलं होतं.

आपल्या लहानपणी बहुतेकांच्या दारात बजाजची स्कूटर असायची. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपल्या वजनानेच उतरायचं. जीपची टाकी मागे आणि खाली असते, म्हणून इंजिनावर बसवलेला छोटा पंप पेट्रोल ओढून आणतो. त्याचा दाब जेमतेम चार-पाच पीएसआय, कारण कार्ब्युरेटरला तेवढाच लागतो. त्याच्या वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि झडप बंद होते. आपल्या संडासाच्या टाकीसारखंच.

अडचण येते डोंगरात. जीप चढावर तिरकी झाली की वाटीतलं पेट्रोलही तिरकं होतं आणि इंजिन गुदमरतं. त्यात लव्हलँड खिंड ११,९९० फुटांवर. तिथे हवा विरळ, पण कार्ब्युरेटरचा जेट तोच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. इंजेक्शनमध्ये कॉम्प्युटर हवेचा दाब पाहून ठरवतो की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा. थ्रॉटल बॉडी हा त्यातला सर्वांत साधा प्रकार. कार्ब्युरेटरच्याच जागी एक ओतीव भाग बसतो आणि त्यातले दोन इंजेक्टर वरून पेट्रोल फवारतात. जनरल मोटर्सने आपल्या पिकअप गाड्यांना ही पद्धत १९९०च्या आसपास सर्रास वापरली, त्यामुळे भंगारात अजून सापडते. मी ४.३ लिटरच्या इंजिनाची घेतली, कारण जीपचं इंजिन ४.२ लिटरचं. दोघांची भूक सारखीच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तो कॉम्प्युटर पेट्रोल मोजत नाही, वेळ मोजतो. नळीतला दाब ठरल्याप्रमाणे आहे हे तो गृहीत धरतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून तो थोडंफार सावरून घेतो, पण मूळ गृहीतक सांभाळायचं काम नळ्या जोडणाऱ्याचं. हा दाब लागतो ९ ते १३ पीएसआय.

तो स्थिर राहतो परतीच्या नळीमुळे. पंप सतत पूर्ण जोराने पेट्रोल पाठवतो. थ्रॉटल बॉडीतला रेग्युलेटर हवा तेवढा दाब राखून बाकीचं टाकीकडे परत सोडतो. गाडी नुसती उभी राहून चालू असेल तर आलेलं बहुतेक सगळं परत जातं. ही नळी बारीक असली किंवा कुठे चेपली तर दाब चढतो, मग रेग्युलेटर कितीही चांगला असो. म्हणून मी जाताना ३/८ इंचाची आणि येताना ५/१६ इंचाची नळी टाकली. परतीचं तोंड टाकीत खाली, पण ओढणाऱ्या नळीपासून दूर ठेवायचं. नाहीतर फेस झालेलं पेट्रोल पंपात जातं.

आता पंप कुठे लावायचा? याचं उत्तर आपल्या विज्ञानाच्या सरांनीच दिलं होतं. दाब कमी झाला की उत्कलनांक खाली येतो. पंप लांबून पेट्रोल ओढत असेल तर ओढणाऱ्या नळीतला दाब घटतो, उन्हाळ्यात पेट्रोलची तिथेच वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. म्हणून विजेवरचा पंप टाकीजवळ, शक्य तितका खाली. त्याने ढकलायचं जास्त, ओढायचं कमी. पंपाच्या आधी जाड गाळणी आणि पुढे बारीक.

नळी स्टीलची किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. नुसतं तांबं वळायला सोपं, पण हादऱ्यांनी कडक होऊन चिरतं. रबरी होज लागते ती फक्त चॅसी आणि इंजिन यांच्यामध्ये, कारण इंजिन हलतं. तीही इंजेक्शनसाठी बनवलेली; कार्ब्युरेटरची नव्हे. क्लिपही गुळगुळीत कडेची, रबर न कापणारी. सायलेन्सर एका बाजूने, तर पेट्रोल दुसऱ्या.

नळीचं तोंड दुहेरी दुमडून फुलीसारखं पसरवतात, त्याला फ्लेअर म्हणतात. ते जरा जरी वाकडं आलं तर नट आवळून सरळ होत नाही. कापायचं आणि नव्याने करायचं. कार्यानुभवाच्या तासाला टीप वाकडी आली की बाई इस्त्रीने दाबू द्यायच्या नाहीत, उसवायला लावायच्या. बाई, मुलांना तेव्हा फ्यूज बांधायला शिकवत आणि आम्हाला शिवण, याचा मला राग होता. पण हे उसवणं मला फ्यूजपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

शेवटचा भाग विजेचा. जुना पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबायचा. विजेवरचा तसा थांबत नाही. अपघातात नळी तुटली तर तो रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. म्हणून त्याचा रिले कॉम्प्युटरच्या हाती. चावी फिरवली की दोन सेकंद, त्यानंतर इंजिन फिरत असेल तरच. शिवाय धडक बसली की वीज तोडणारा एक स्विच, फोर्डच्या गाड्यांत असतो तसा.

तपासणी इंजिन चालू न करता, अंगणात. गॅरेजमध्ये नाही, कारण अमेरिकेत तिथेच पाणी तापवायचा गॅसचा बंब असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत जाते. अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवलं, पंप चालवला आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला. सगळे कागद कोरडे निघाले, तेव्हाच मुलीच्या हातात चावी दिली.

माझं सॉफ्टवेअर बिघडलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवता येतं. पेट्रोलला दुसरा दिवस नसतो. तेव्हा एक विनंती करते आणि थांबते. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी वडिलांची जुनी स्कूटर किंवा मोटारसायकल आठवण म्हणून जपलेली असेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. घरी गेलात की टाकीखालची नळी बोटांनी वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा ती चिकट लागली, तर पुढची किक मारण्याआधी बदला. चहाच्या दोन-चार कपांच्या पैशांत काम होईल.