‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’



सन २००० पासून आपल्या राज्यात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या अध्यापनातील एका लहानशा अडचणीविषयी आज बोलावयाचे आहे.

एका शाळाभेटीत फळ्यावर वाक्य होते : ‘माय फादर गेव्ह अप टोबॅको.’ एका मुलाने उभे राहून अर्थ सांगितला, ‘माझ्या वडिलांनी तंबाखू वर दिली.’ वर्ग हसला; गुरुजीही हसले. मुलगा खाली बसला आणि तास संपेपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही.

दोष त्या मुलाचा नव्हता. ‘गिव्ह’ म्हणजे देणे व ‘अप’ म्हणजे वर, असे आपणच त्याच्याकडून घोकून घेतले होते. परंतु इंग्रजीत क्रियापदाला असा लहान शब्द जोडला, की पुष्कळदा दोहोंचा मिळून निराळाच अर्थ होतो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. मग ते व्यसन असो, बसावयाची जागा असो, वा चालविलेला प्रयत्न असो.

आता आपल्या मराठीकडे पाहा. ‘तंबाखू सोडून दिली’ यातही ‘दिली’ आहे. पण ती कोणाला दिली? कोणालाच नाही! ‘पत्र वाचून टाकले’ म्हणताना पत्र कोणी फेकीत नाही. ही संयुक्त क्रियापदे मूल घरूनच शिकून येते. इंग्रजीतील ‘अप’ हा शब्दही अनेकदा क्रिया पुरी झाल्याचे दाखवितो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक. तेव्हा मुलाला ठाऊक असलेल्या मराठीवरूनच त्याला इंग्रजीकडे न्यावे.

अशी जोडी फोडून न शिकविता प्रसंगातून शिकवावी. एसटीत वृद्ध बाईंसाठी जागा सोडण्याचा प्रसंग वर्गात करवून घ्यावा. कोडे घालावे, उत्तर न सुचल्यास मुलाने ‘आय गिव्ह अप’, म्हणजे ‘हरलो’, असे म्हणावे. सर्वनाम आल्यास ते मध्ये येते, हेही बोलण्यातूनच रुळवावे : ‘गिव्ह इट अप’, ‘गिव्ह अप इट’ नव्हे.

त्या मुलाने त्या तासाला जे केले, त्यालाही इंग्रजीत ‘गिव्ह अप’च म्हणतात. हे शब्द कोड्याच्या खेळात त्याच्या तोंडी खुशाल यावेत; अभ्यासात मात्र त्याच्यावर ती पाळी आपल्या हसण्यामुळे येऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.