कायद्याचीं पुस्तकें आपल्या ओट्यावर

(गांवच्या वाचनालयांत झालेलें भाषण)



कायदा म्हटला कीं आपल्या लोकांपुढें वकिलाची फी आणि तारखेवर तारीख एवढेंच उभें राहतें. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हें आपल्याकडे लहान पोरालाहि पाठ आहे. हें वचन कोणाच्या फायद्याचें पडलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. सन १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्या खतांवर अंगठा कुणब्याचा होता आणि मजकूर सावकाराचा. अंगठा गेला, सही आली. मजकूर अजून बहुधा दुसराच लिहितो.

म्हणून कायदा व राज्यकारभार यांवरील अलीकडच्या तीन पुस्तकांविषयीं आज आम्ही बोलणार आहों. तिन्ही इंग्रजींत आहेत व विद्वानांसाठीं लिहिलेलीं आहेत. आम्हांस तीं शब्दकोश उशाशीं घेऊन वाचावीं लागलीं, पण श्रम फुकट गेले नाहींत.

पहिलें पुस्तक ओर्नित शनी या बाईंचें, सन २०१८ चें, विषय मतदारयाद्या. विषय रुक्ष वाटेल. पण १९३५ च्या कायद्यानें मत मिळे तें मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून. असे मतदार सुमारें तीन कोटी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं ते सतरा कोटींवर गेले. हें काम संविधान मंजूर होण्याच्या आधींच, १९४७ च्या अखेरीस सुरू झालें, आणि निर्वासितांनीं नुसत्या मसुद्यांतील कलमें दाखवून यादींत नांव मागितलें. बायकांचें मात्र अडलें. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच सांगणाऱ्या सुमारें अठ्ठावीस लाख बायकांचीं नांवें शेवटीं गाळावीं लागलीं. आपल्या घरच्या सातबाऱ्यावर बाईचें नांव आहे काय, हें ज्यानें त्यानें आज घरीं जाऊन पाहावें.

दुसरें पुस्तक रोहित डे यांचें, तेंहि २०१८ चेंच. हें आम्हांस सर्वांत आवडलें. या गृहस्थांनीं सर्वोच्च न्यायालयाचा दप्तरखाना धुंडाळला आणि संविधान येतांच न्यायालयाचें दार कोणीं ठोठावलें तें शोधलें. तेथें खाटीक भेटतात, दारूबंदीच्या कायद्यांत सांपडलेले लोक भेटतात, अलाहाबादेची हुस्नाबाई ही वेश्या भेटते. आणि मोहंमद यासीन हा भाजीवाला भेटतो.

याची गोष्ट नीट ऐका. उत्तर प्रदेशांत तेव्हांच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यांत जलालाबाद नांवाचें लहानसें गांव आहे. यासीन तेथें भाजीपाल्याचा व फळांचा घाऊक व्यापार करी. तेथील नगर समितीनें पोटनियम करून असा बेत केला कीं घाऊक विक्रीचा मक्ता एकाच मक्तेदारास, आणि इतरांचा धंदा बंद. यासीन थेट दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत गेला. बत्तिसाव्या कलमानें तसें जातां येतें. एकोणिसाव्या कलमांत कोणताहि धंदा करण्याचा हक्क दिला आहे, तो माझा बुडाला, असें त्यानें म्हटलें. सन १९५२ सालीं निकाल त्याच्या बाजूनें लागला. समितीस कायद्यानें अशी फी घेण्याचा अधिकारच नव्हता, असें न्यायालयानें सांगितलें.

बाजारकराचा ठेका आपल्या गांवांनाहि नवा नाहीं. टोपलीमागें किती घ्यायचे तें कोणत्या ठरावानें ठरलें? पावती कां देत नाहीं? हें विचारावयास दिल्लीस जावें लागत नाहीं. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांचें तिकीट लावून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास भाग आहे.

या पुस्तकांत आम्हांस एक उणें दिसलें. त्याच्या मुख्य प्रकरणांत व्यापारी आहे, खाटीक आहे. नांगर धरणारा नाहीं. आणि जें दार यासीनला उघडलें तेंच जमीनदारालाहि उघडलें. दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह कोर्टांत गेले आणि पाटण्याच्या उच्च न्यायालयानें मार्च १९५१ मध्यें बिहारचा जमीनसुधारणेचा कायदा रद्द केला. मद्रासेंत ब्राह्मणेतर चळवळीनें मिळविलेल्या जातवार आदेशाप्रमाणें दर चौदा जागांपैकीं सहा ब्राह्मणेतर हिंदूंस, दोन मागास हिंदूंस, दोन अस्पृश्य मानलेल्या जातींस, दोन ब्राह्मणांस, एक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांस आणि एक मुसलमानांस, अशी वांटणी होती. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनीं त्याविरुद्ध अर्ज केला. वैद्यकीय कॉलेजांत प्रवेश मागितल्याचें त्यांच्या प्रतिज्ञापत्रांतहि नव्हतें. तरी एप्रिल १९५१ मध्यें तो आदेश मोडला! ज्याला दार ठाऊक, तो आधीं आंत जातो.

यावर उपाय म्हणून जून १९५१ मध्यें संविधानाची पहिली दुरुस्ती झाली. तिच्यावरच तिसरें पुस्तक आहे, त्रिपुरदमन सिंह यांचें, सन २०२० चें. नव्या संविधानाचे हक्क सरकारनें वर्षा-दीड वर्षांत कापले, असें ग्रंथकर्त्याचें म्हणणें. भाषण व छपाई यांच्या स्वातंत्र्यावर सरकारास नवे निर्बंध घालतां येऊं लागले, ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि साप्ताहिक वाचणाऱ्यांस ती आधीं कळावयास हवी. परंतु सगळी दुरुस्ती एकाच तागडींत घालणें आम्हांस पटत नाहीं. मागासलेल्या वर्गांसाठीं खास तरतूद करण्याची मुभा देणारें पंधराव्या कलमाचें चौथें पोटकलम याच दुरुस्तीनें आलें. नववी अनुसूचीहि तिनेंच आली, व तींत दुसऱ्याच क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कूळकायदा आहे. पुढें याच कायद्यांत भर पडून १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारीं कुळें जमिनीचीं मालक झालीं. या सभेंत अशा जमिनीवर जेवणारीं घरें थोडीं नाहींत. हक्क कापला म्हणतांना कोणाचा कापला आणि कोणास मिळाला, हें ग्रंथकर्त्यानें अधिक खोलांत जाऊन पाहावयास हवें होतें.

संविधानाची मराठी प्रत वाचनालयानें आणून ठेवली आहे. येत्या बाजाराच्या दिवशीं दिवेलागणीनंतर शाळेच्या ओट्यावर एकोणिसावें व बत्तिसावें कलम वाचूं, आणि यासीनचा खटला आम्ही अथपासून इतिपर्यंत सांगूं. माळवें विकणाऱ्या बायकांनीं अवश्य यावें, आणि ज्यांच्याजवळ बाजारकराच्या जुन्या पावत्या असतील त्यांनीं त्या बरोबर आणाव्या.