ताटातल्या धान्याचा आणखी एक हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाणसामानाचा हिशेब आपण ठेवतो, दुधाचाही ठेवतो. आज ज्या हिशेबाविषयी बोलायचे आहे तो वहीत कोणी लिहीत नाही. आपले अन्न पिकवताना, आणताना आणि शिजवताना हवेत किती कर्बवायू जातो, हा तो हिशेब. त्याला हल्ली ‘कार्बन फूटप्रिंट’ म्हणतात. शब्द मोठा आहे, पण मोजणी पुष्कळशी आपल्या हातची आहे.

सर्वांत सोपे माप गॅसच्या टाकीचे. टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळला की सुमारे ३ किलो कर्बवायू होतो. (तिपटीचे नवल वाटेल; जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, म्हणून वजन वाढते.) टाकी लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. ३० दिवस पुरणारी टाकी डाळ भिजत घालून, कुकर वापरून ३६ दिवस पुरली, तर वर्षाला दोन टाक्या, म्हणजे ८५ किलो कर्बवायू वाचतो. पैसे वाचतात ते निराळेच.

धान्याचे माप घरी घेता येत नाही. ते काम २०१८ साली जोसेफ पूअर व थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतील ३८ हजारांवर शेतांची माहिती जुळवून केले. त्यांच्या सरासरीप्रमाणे किलोभर तांदळामागे ४ किलोंहून थोडा अधिक कर्बवायू पडतो, गव्हामागे दीड किलो, कडधान्यामागे दोन किलोंच्या आत, आणि मटणामागे वीस किलोंहून कितीतरी जास्त. तांदळाचा आकडा मोठा का? भाताच्या शेतात पाणी साचून राहते, खालच्या चिखलाला हवा मिळत नाही आणि तिथले जंतू मिथेन वायू तयार करतात. तो शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. आपली दादर काळ्या जमिनीच्या ओलीवर येते. तिला असे तुंबलेले पाणी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा आपल्या कळण्याच्या भाकरीला उगाच मान मिळाला असे नाही!

मात्र गावचे ते सगळे चांगले, बाहेरचे ते वाईट, असे समजू नये. अन्नाच्या एकूण हिशेबात वाहतुकीचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली म्हणजे हिशेब शून्य झाला, हेही खरे नव्हे. पऱ्हाटीतला कर्ब गेल्या हंगामात हवेतूनच आलेला असतो हे ठीक, पण धूर आपल्या डोळ्यांत आणि छातीत जातो. भाजणे उघड्यावरच करावे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते. दुधाचा आकडा लिटरला सुमारे ३ किलो आहे, म्हणून लेकराचा पेला कोणी अर्धा करू नये. ज्या घरात दूधच पावशेर येते, तिथे काटकसर शिकवायला आपण जाऊ नये. तसेच शिळ्या अन्नाचे. अन्न फुकट गेले की त्यामागचा सगळा वायूही फुकट जातो, हे खरे. पण उरलेले संपवायचे काम घरातल्या सुनेच्याच ताटात पडत असेल, तर त्याला बचत म्हणायला मी तयार नाही. कणीक भिजवण्यापूर्वी कोण जेवायला आहे आणि कोण नाही, हे पुरुषमंडळींनी वेळेवर सांगावे. एवढ्यानेही भाकऱ्या उरणे पुष्कळ कमी होईल.