राजभाषा एक, प्रजेच्या भाषा अनेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी कोरलेले लेख दर्शनार्थी श्रावकांच्या परिचयाचे आहेत. ही मूर्ती चामुंडरायाने करविली, एवढीच त्यांतील मुख्य वार्ता. परंतु ती वार्ता तेथे कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीतही आहे. मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांत या ओळींची गणना होते. त्यांचा काल दहाव्या शतकाचा की बाराव्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण एका गोष्टीविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. तो प्रदेश कन्नडचा होता, तरीही दूरच्या यात्रेकरूला त्याच्या भाषेत दोन शब्द सांगण्याने कन्नडचा मान कमी झाला नाही.

ज्याला सांगायचे, त्याला समजेल अशा भाषेत सांगावे, ही साधी नीती आहे. ती राज्यकर्त्यांना मात्र वारंवार नव्याने शिकावी लागते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १४२२४ क्रमांकाचा आदेश काढून इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा असल्याचे घोषित केले. तोपर्यंतच्या जवळजवळ अडीचशे वर्षांत संपूर्ण देशासाठी अशी घोषणा कधी झाली नव्हती. त्याच आदेशाने ११ ऑगस्ट २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काढलेला १३१६६ क्रमांकाचा आदेश रद्द झाला. ज्यांना इंग्रजी पुरेसे येत नाही, त्यांनाही शासकीय सेवांचा खराखुरा लाभ घेता यावा अशी व्यवस्था प्रत्येक खात्याने करावी, असा त्या जुन्या आदेशाचा आशय होता. नव्या आदेशाने अन्य भाषांतील सेवा बंद करण्याची सक्ती केली नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्या ठेवाव्यात की नाहीत, हे ठरविणे खातेप्रमुखांवर सोपविले. म्हणजे जे काल कर्तव्य होते, ते पुष्कळ अंशी मर्जीवर आले.

या बदलाचा स्पर्श कोणाला होतो? अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार तेथे पावणेसात कोटींहून अधिक लोक घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना इंग्रजीही उत्तम येत होते. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. त्यांत नुकतेच आलेले मजूर आहेत, निर्वासित आहेत, आणि उतारवयात मुलाबाळांकडे राहावयास गेलेले आईवडीलही आहेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी आजींनी आयुष्यभर घर चालविले, हिशेब सांभाळले. परंतु रुग्णालयातील संमतिपत्रावर सही करताना त्या परावलंबी होतात. दुभाषी नसला तर शाळकरी नातवाला आजीच्या आजाराचे निदान तिला सांगावे लागते. अशा वेळी भाषेचा प्रश्न अभिमानाचा राहत नाही, तो जिवाचा होतो.

एकभाषेचा आग्रह त्या देशात नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन भाषेविरुद्ध तेथे मोठा रोष उसळला. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकी भाषा शिकविण्यास बंदी घातली. हॅम्प्टन या छोट्या गावातील लुथरन शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक होते. मे १९२० मध्ये एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलमधील कथा वाचावयास शिकविल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि पंचवीस डॉलर दंड झाला. मेयर यांनी माघार घेतली नाही. अखेर ४ जून १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सर्वांना एक सामाईक भाषा यावी ही इच्छा योग्य असली, तरी त्यासाठी संविधानाला छेद देणारे उपाय योजता येणार नाहीत, आणि संविधानाचे संरक्षण अन्य भाषा बोलणाऱ्यांनाही तितकेच आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी या वादाचे मर्म याहून नेमक्या शब्दांत क्वचितच मांडले गेले असेल.

हवाई बेटांचा इतिहास अधिक करुण आहे. ते स्वतंत्र राज्य होते. त्याच्या भाषेत शाळा चालत, वर्तमानपत्रे निघत. १८९३ मध्ये तेथील राणीची सत्ता उलथविण्यात आली आणि १८९६ मध्ये शाळांचे माध्यम इंग्रजी असावे असा कायदा झाला. घरात हवाईयन बोलण्यास कायद्याने बंदी नव्हती. पण शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागली, तेव्हा आईवडिलांनी मुलांच्या भल्यासाठी स्वतःच ती बोलणे सोडले. शासनाने शाळेचे दार बंद केले की घराचे दार आपोआप बंद होते, ते असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही भाषा अस्खलित बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नासही उरली नव्हती, असे सांगितले जाते. १९७८ मध्ये राज्याच्या घटनेने हवाईयनला इंग्रजीबरोबर अधिकृत स्थान दिले. १९८४ मध्ये पालक व शिक्षकांनी त्या भाषेतील पहिली बालवाडी उघडली आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही त्या माध्यमाचे वर्ग सुरू झाले. भाषा वाचली, पण मधल्या पिढ्यांचे आजी-नातवांचे तुटलेले बोलणे कोण परत देणार?

मूलनिवासींच्या निवासी शाळांतही हेच घडले. तरीही दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली नाव्हाहो जमातीच्या एकोणतीस तरुणांना सैन्यात घेऊन त्यांच्या भाषेच्या आधारे गुप्त संदेशांची पद्धती तयार करण्यात आली. जी भाषा शाळेत नकोशी होती, तीच रणांगणावर देशाच्या कामी आली.

एकभाषेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे हेटाळणीने टाळता येणार नाही. सामाईक भाषेने ऐक्य वाढते, अनेक भाषांत कारभार करणे खर्चाचे असते, आणि सवलत मिळत राहिली तर लोक इंग्रजी शिकणार नाहीत, असे ते म्हणतात. १९८१ मध्ये इंग्रजीच्या बाजूने घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडणारे सिनेटर हायाकावा हे स्वतः भाषेचे नामांकित अभ्यासक आणि जपानी स्थलांतरितांचे पुत्र होते. इंग्रजीने स्थलांतरितांना संधी मिळते, हे ते अनुभवाने सांगत होते, आणि ते खरेही आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘इंग्रजी शिकवा’ असा आहे. ‘येईपर्यंत बोलू नका’ असा नव्हे. शिकावयास वर्षे लागतात. आजार, आग, वादळ आणि न्यायालयाचे समन्स तितकी वर्षे थांबत नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर न समजलेल्या औषधाचा आणि न समजलेल्या साक्षीचा खर्चही कोणीतरी भरतच असतो.

समान वागणूक म्हणजे काय, याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खटल्याने दिले. तेथील शाळांत चिनी वंशाच्या सुमारे अठराशे मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यासाठी कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. वर्ग तेच, पुस्तके तीच, शिक्षक तेच. मग अन्याय कोठे, असा शाळांचा बचाव होता. २१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, ज्या मुलांना शिकविण्याची भाषाच कळत नाही, त्यांना तीच पुस्तके देणे म्हणजे समानता नव्हे. या निर्णयाचा आधार असलेला १९६४ चा नागरी हक्क कायदा २०२५ च्या आदेशाने रद्द झालेला नाही. आदेशाने कायदा रद्द होतही नाही. मतपत्रिका ठराविक वस्त्यांत अन्य भाषांतही देण्याची १९७५ ची तरतूदही कायद्याचीच आहे. तिच्यामुळेच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगाली मतपत्रिका आल्या.

श्रोतेहो, दूरच्या देशाचे दोष दाखविणे सोपे असते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगतो. महाराष्ट्राने १९६४ च्या अधिनियमाने मराठीला राजभाषेचा मान दिला, तो सर्वथा उचित होता. इंग्रजीच्या आड राहिलेला कारभार सामान्य माणसाला समजावा, हाच त्याचा हेतू. पण मेळघाटातील कोरकू बोलणारी माता दवाखान्यात येते, गडचिरोलीतील गोंडी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा त्यांच्या दृष्टीने मराठी हीसुद्धा समोरच्या खुर्चीतील भाषा असते. अमेरिकेतील आजींसाठी जो न्याय मराठी माणूस मागेल, तोच त्याने या मातेला आणि या मुलाला दिला पाहिजे.

राजभाषा असावी, तिचा अभिमानही असावा. परंतु शासनाने प्रजेला शिकविण्याआधी प्रजेशी बोलावे. श्रवणबेळगोळच्या त्या शिळेवर तीन भाषा शेजारी शेजारी शतकानुशतके नांदत आहेत, आणि त्यांतील एकीमुळेही दुसरीची जागा कमी पडलेली नाही.

जय जिनेंद्र!