सिना की तेये?

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात घरच्यांना, मित्रांना, लहान मुलांना 'सिना', म्हणजे 'तू', म्हणतात. अनोळखी वडीलधाऱ्यांना 'तेये'. हे 'तेये' मुळात अनेकवचन, आपल्या 'तुम्ही'सारखंच. क्रियापदही त्याच्याबरोबर बदलतं: 'सिना ओलेद', पण 'तेये ओलेते', म्हणजे तू आहेस, तुम्ही आहात. 'आपण'सारखी तिसरी पायरी मात्र तिथे नाही. शाळेत मुलं बाईंना किंवा सरांना 'शिक्षक' याच अर्थाच्या शब्दाने हाक मारतात.

'तेये'वरून 'सिना'वर यायचं, तर ते सहसा थोरल्याने सुचवायचं. ही रीत मला फार मोलाची वाटते. धाकट्याला त्यात जवळीक मिळते आणि थोरल्याचा मानही राहतो. तरुणांत आणि अनेक कचेऱ्यांत आता पहिल्या भेटीपासूनच 'सिना' चालतं. काही ज्येष्ठांना ते खटकतं.